जुन्या रिगमधलं आधी काय बदलायचं आणि काय अजून चालेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कायडायव्हिंगचा सेकंड हँड रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच घेतलाय, मेनवर (मुख्य पॅराशूटवर) सहाशेच्या आसपास जंप झाल्यात आणि लाइन्स (पॅराशूटच्या दोऱ्या) स्पेक्ट्रा नावाच्या सिंथेटिक धाग्याच्या, पहिल्यापासूनच्याच आहेत, रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) वीस वर्षांपेक्षा जुना पण हवेत एकदाही उघडलेला नाही, एएडीचं, म्हणजे वेळ आली तर रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राचं, दीडेक वर्ष उरलंय. रिगर (पॅराशूट तपासून, घडी घालून देणारा तंत्रज्ञ) म्हणतो प्रॉब्लेम नाही, पॅक करून देतो, विकणारा म्हणतो सगळं एकदम चांगलं आहे, आणि तुमच्याकडे सध्या एकाच मोठ्या गोष्टीपुरते पैसे आहेत. मग आधी काय बदलायचं, आणि किती जुनं झालं की जुनं समजायचं.

मी बरीच वर्षं रिगर म्हणून काम करतोय आणि हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ नेहमी असाच येतो, म्हणजे वयावरून. त्याचं कारण उघड आहे, लेबलवर तारीख छापलेली असते आणि ती कोणालाही वाचता येते. पण तारखेवरून सगळ्या वस्तूंचा निकाल लागत नाही. मी रिग उघडला की प्रत्येक भागाबद्दल दोन गोष्टी बघतो. एक, हा भाग निकामी व्हायच्या आधी काही दाखवतो का, म्हणजे तंतू निघतात, रंग उडतो, ओपनिंग बदलतं, असं काही? आणि दोन, याने ऐनवेळी दगा दिला तर याच्या मागे अजून काही शिल्लक आहे का? मेनची एक लाइन तुटली तर वाईटच, पण मागे रिझर्व्ह आहे. रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारी पिन अडकली तर मागे काही नाही. ज्या भागाला आधी दाखवायची सवय नाही आणि ज्याच्या मागेही काही नाही तो मी वेळेआधी बदलतो, पैशाचा विचार न करता. जो भाग दाखवतो आणि ज्याच्या मागे काहीतरी आहे तो मोजून, बघून, जमेल तितका वापरतो. तुमचे मर्यादित पैसे कुठे घालायचे ते यावरूनच ठरवता येईल.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगतो. वाळूत किंवा धुळीत पॅक करणाऱ्याच्या लाइन्स आणि ग्रॉमेट (कापडातल्या भोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या) लवकर जातात, समुद्राजवळ असाल तर मीठ आहे, रिग दिवसभर उन्हात पडून राहत असेल तर नायलॉनची ताकद अतिनील किरणांनी कमी होत जाते आणि ते परत भरून येत नाही. तुमचं वजन, तुम्ही फ्रीफ्लाय (डोकं खाली किंवा उभ्याने पडणं) करता की बेली (पोटावर पडणं), पॅकिंग स्वतः करता की दुसऱ्याकडून, तुमच्या देशाचा नियम काय म्हणतो, यावरही उत्तर हलतं. मी इथे जे आकडे देतोय ते अंदाज यावा म्हणून, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच धरायचं.

एएडीपासून सुरू करतो कारण तिथे वाद घालण्यासारखं काही नाहीये. आत बॅटरी आहे, प्रेशर सेन्सर आहे आणि कटरमध्ये छोटा स्फोटक चार्ज आहे. साइप्रेस 2 हे एएडी एक्स्पर्ट मोडमध्ये असेल आणि तुम्ही साधारण 225 मीटर उंचीवरसुद्धा सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येत असाल तर तो कटर रिझर्व्हचा लूप, म्हणजे कप्पा बंद ठेवणारा दोरीचा फास, कापतो. हे यंत्र चालू करताना सेल्फ टेस्ट करतं हे खरं, पण कटर उडवून बघितल्याशिवाय कटर खरंच उडेल का याची टेस्ट कोणी करू शकत नाही, आणि उडवला की तो कटर संपला. म्हणजे दाखवतही नाही आणि मागेही काही नाही, कारण ते काम करतं तेव्हा तुम्ही आधीच सगळं हुकलेले असता. म्हणून इथे तारीख म्हणजे तारीख. साइप्रेस 2 च्या जुन्या युनिट्सचं आयुष्य साडेबारा वर्षं होतं आणि चौथ्या व आठव्या वर्षी ती उत्पादकाकडे तपासणीला जायची, नंतरच्या युनिट्सना साडेपंधरा वर्षं मिळाली. दुसऱ्या एएडींपैकी व्हिजिलचं 20 वर्षं धरतात, एम2 चं 15. ही वर्षं तयार झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही, आणि सेकंड हँड घेणारे इथेच फसतात. युनिट हातात घ्या, त्याच्यावरची तारीख स्वतः वाचा, आणि मधली एखादी सर्व्हिस राहून गेली आहे का ते कागदावर बघा. अमेरिकेत सोलो जंपरला एएडी लावणं सक्तीचं नाही, पण लावलं असेल तर ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे मेंटेन केलेलं असलंच पाहिजे असा तिथला नियम आहे, आणि मला तो योग्य वाटतो. मुदत संपलेलं एएडी आत आहे म्हणून जो माणूस निर्धास्त होतो त्याच्यापेक्षा आत काहीच नाही हे माहीत असलेला माणूस जास्त सावध असतो.

तुमच्याकडे दीड वर्ष आहे म्हणजे आज घाई नाही, फक्त एक करा, रिपॅकच्या (रिझर्व्ह उघडून, तपासून परत घडी घालण्याच्या) तारखा एएडीच्या तारखेशी जुळवा. मुदत रिपॅकच्या मध्येच संपणार असेल तर नीट रिगर त्या युनिटसकट पूर्ण मुदतीची सही देणार नाही, आणि तुम्हाला तेच पॅकिंग दोनदा करावं लागेल.

आता रिझर्व्ह, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटतेय असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. वीस वर्षं म्हटलं की छातीत धस्स होतं, पण घडी घालून, अंधारात, कोरड्यात ठेवलेलं नायलॉन नुसत्या वर्षांनी फारसं मरत नाही. अमेरिकेचा नियम बघा, तिथे नायलॉनसारख्या सिंथेटिक कापडाच्या पॅराशूटला 180 दिवसांत रिपॅक लागतं, 2008 च्या शेवटापर्यंत ते 120 दिवस होतं, आणि रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याला अजूनही 60 दिवसच आहेत. मुदत वाढवली ती हे कापड पडून पडून खराब होत नाही हे कळल्यावरच. उलट दर वेळी रिझर्व्ह उघडायचा, लटकवायचा, तपासायचा, गुडघ्याने हवा काढत परत घडी घालायचा यात कापडाला जास्त मार बसतो, त्यातून हवा जास्त झिरपायला लागते. म्हणूनच परफॉर्मन्स डिझाइन्स ही पॅराशूट कंपनी आपल्या रिझर्व्हला वर्षं न मोजता 40 रिपॅक किंवा 25 वापर झाले की फॅक्टरीत तपासणीला पाठवायला सांगते, आणि लेबलवर प्रत्येक रिपॅकची खूण करायला चौकटी छापलेल्या असतात. तुमच्या रिझर्व्हच्या लेबलवर त्या चौकटी आहेत का, किती भरल्यात ते बघा, "एकदाही उघडलेला नाही" यापेक्षा तो आकडा जास्त सांगतो. आणि चौकटी असूनही भरलेल्याच नसतील तर रिपॅक कार्डावरून मोजा, आधीची कार्डं मागून घ्या.

कापड वयाने नाही, रसायनाने मरतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1980 च्या दशकातलं आहे, त्याला अ‍ॅसिड मेश म्हणतात. काही गोल रिझर्व्हमध्ये वापरलेली जाळी आम्लधर्मी निघाली आणि तिच्या लगतचं कापड हळूहळू कमकुवत झालं. दिसायला काही नाही, तारखेने तर ते नवेच होते. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचं इंडिकेटर लावून आणि कापड ठरावीक ताकदीने ओढून बघून ते शोधावं लागलं. तेव्हापासून मी सेकंड हँड रिझर्व्हच्या बाबतीत "कुठे ठेवला होता" हे "कधी बनला" याच्या आधी विचारतो. गॅरेजमध्ये बॅटरीच्या शेजारी, ओल्या तळघरात, गाडीच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनबरोबर, अशा ठिकाणी राहिलेला पाच वर्षांचा रिझर्व्ह मला जास्त नको वाटतो.

तरीही काही उत्पादक वर्षांची मर्यादा घालतात, काही देशही घालतात, आणि वीस वर्षांवरचा रिझर्व्ह पॅक करणारच नाही असं ठरवलेले रिगरही आहेत, सही त्यांची असते त्यामुळे तो हक्क त्यांचा आहे. तुमचा रिगर पॅक करायला तयार आहे, चांगलं आहे, पण "प्रॉब्लेम नाही" म्हणजे त्याने नक्की काय बघितलं ते विचारा. शिलाई, टेप, लाइन्सचे जोड, प्रत्येक सेल (कापडाचा कप्पा) उजेडासमोर धरून बघितली का, कापडाची ओढून टेस्ट केली का, सर्व्हिस बुलेटिन (दोषांबद्दल उत्पादकाने काढलेल्या सूचना) तपासली का. याने तो चिडणार नाही, चिडला तर दुसरा रिगर बघा.

आणि रिझर्व्हच्या बाबतीत एक गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे साइज. लेबलवर कमाल वजन आणि कमाल वेग लिहिलेला असतो आणि तो आकडा तुम्ही, तुमचे कपडे, हेल्मेट आणि सगळा रिग धरून आहे. विकणारा तुमच्यापेक्षा वीस किलोने हलका असेल तर त्याच्यासाठी बरोबर असलेला रिझर्व्ह तुमच्यासाठी फार लहान ठरतो, आणि रिझर्व्ह उतरवायची वेळ बऱ्याचदा अनोळखी जागी, कमी उंचीवर, कधी कधी अर्धवट शुद्धीत येते. मी जितके रिझर्व्ह बदलायला सांगितलेत त्यातले बहुतेक साइजसाठी होते, वयासाठी नाही. तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाहीये. ते लेबलशी ताडून बघा, बसत नसेल तर तुमचा मोठा खर्च तिथेच ठरला, पुढचं वाचायचीही गरज नाही.

बसत असेल तर पुढे चला, कारण मला खरी काळजी ज्या गोष्टींची वाटते त्या स्वस्त आहेत आणि तुमच्या प्रश्नात त्यांचं नावही नाही.

मेनचा क्लोझिंग लूप. बोटाएवढा दोरीचा तुकडा, पण पाठीवरचा मेन बंद ठेवणारा तोच. पिन जिथून जाते तिथे तो केसाळ व्हायला लागतो, मॅन्युअलमध्ये बहुधा दहा टक्के झिजला की बदला असं असतं, मी पहिले तंतू दिसले की बदलतो, कारण दहा टक्के डोळ्याने मोजता येत नाहीत आणि नवा लूप पाच मिनिटांत बनतो. तो लांब झाला असेल, पिन बोटाने सहज सरकत असेल, तर त्याहून वाईट, कारण विमानातून चढता-उतरताना किंवा फ्रीफ्लायमध्ये डोकं खाली असताना मेन आपोआप उघडू शकतो आणि त्या वेगाला ओपनिंग झालं तर माणूस आणि कॅनॉपी (पॅराशूटचं छत) दोन्ही फाटतात. दारात उघडला तर तुमच्याबरोबर विमानातल्या सगळ्यांचा प्रश्न होतो. बीओसी पाउचचं, म्हणजे रिगच्या तळाशी असलेल्या खिशाचं, इलॅस्टिकही याच कारणासाठी बघा, त्यात पायलट शूट (मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) घट्ट बसत नसेल, ब्रायडल (पायलट शूटला मेनशी जोडणारी पट्टी) बाहेर डोकावत असेल, तर पाउच बदला. लाइन्स गुंडाळून धरणाऱ्या रबरांबद्दल, म्हणजे स्टो बँडबद्दल, तर बोलायलाच नको, तुटायला आले की टाकून द्यायचे, आणि लाइनच्या जाडीला शोभतील असेच घ्यायचे, नाहीतर लाइन्स बॅगमधून (मेन घडी घालून ठेवतात त्या पिशवीवरून) एकदम सुटतात आणि हार्ड ओपनिंग किंवा गाठी होतात.

रिझर्व्हच्या लूपला मी दर रिपॅकला हात लावतो, म्हणजे नवीनच टाकतो, आणि तो एएडीच्या उत्पादकाने सांगितलेल्याच दोरीचा असायला हवा. कटर त्या दोरीसाठी बनवलेला असतो. कोणी हाताशी होती म्हणून दुसरी जाड दोरी वापरली असेल तर एएडी नवं कोरं असूनही उपयोग नाही.

आता किल लाइन. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सहाशे जंपच्या रिगमध्ये मी सगळ्यात आधी तिथे जातो. तुमचा पायलट शूट कोलॅप्सिबल, म्हणजे मेन उघडल्यावर मिटणारा असणार. ब्रायडलच्या आतून एक बारीक दोरी जाते, एक टोक पायलट शूटच्या माथ्याला आणि दुसरं बॅगच्या बाजूला. मेन उघडला की ती माथा खाली ओढते आणि पायलट शूट मिटतो, म्हणजे मागे ओढत बसत नाही. ही दोरी बहुतेक वेळा स्पेक्ट्राची असते आणि ब्रायडलच्या कापडात घासून घासून, त्या उष्णतेने आखडत जाते. थोडी थोडी, दर जंपला. मग तुम्ही पॅक करताना नीट कॉक केलात, म्हणजे माथा परत वर ओढून ठेवलात, तरी तो पूर्ण वर येत नाही, पायलट शूट अर्धवट मिटलेल्या अवस्थेतच हवेत जातो, ओढ कमी पडते, आणि मेन उशिरा निघतो. आधी एखादा सेकंद, मग दोन, मग एखाद्या दिवशी पायलट शूट मागे लटकत राहतो आणि मेन निघतच नाही. माझ्याकडे एक अनुभवी जंपर पायलट शूट हेझिटेशनची, म्हणजे मेन उशिरा निघण्याची, तक्रार घेऊन आला होता, तो महिनोन् महिने पॅकिंग बदलत होता, बॅग बदलून बघितली होती, थ्रो सुधारत होता. किल लाइन चार बोटं आखडली होती.

तपासायला काही लागत नाही. पायलट शूट पूर्ण कॉक करा, जमिनीवर लांब करा, बॅगकडचं टोक एकाने धरा आणि माथ्याकडचं हँडल दुसऱ्याने हळू ताणा. जाळी, कापड आणि मधली दोरी साधारण एकाच वेळी ताणली जायला हवीत. मधली दोरी आधीच ताठ झालीये आणि जाळी-कापड ढिलं लोंबतंय असं दिसलं तर ती आखडलीये. ब्रायडलवर छोटी खिडकी असते, कॉक केल्यावर तिथे रंगीत खूण दिसते, ती खूण खिडकीच्या मधोमध न दिसता कडेला सरकली असेल तर तोच इशारा. काही डिझाइनमध्ये माथा मुद्दाम थोडा खाली ठेवलेला असतो म्हणून शेवटचा निकाल उत्पादकाच्या मापावरून लावायचा. त्यात पायलट शूटचं कापड मऊ फडक्यासारखं झालं असेल किंवा जाळी फाटली असेल तर दोरीवर पैसे घालू नका, पूर्ण पायलट शूट बदला. कॅनॉपीच्या मानाने तो काहीच महाग नाही.

आता लाइन्स, तुमच्या यादीतला दुसरा मोठा खर्च. स्पेक्ट्रा मजबूत आहे पण उष्णता सहन करत नाही, तो साधारण 147 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि ओपनिंगला स्लायडर (लाइन्सवरून घसरत ओपनिंग मंद करणारं चौकोनी कापड) खाली येताना त्याचे ग्रॉमेट लाइनवर घासून जी उष्णता होते तिने तो आखडतो. सगळ्या लाइन्स सारख्या आखडल्या असत्या तर एवढा त्रास नव्हता. पण बाहेरच्या लाइन्स आणि स्टिअरिंग लाइन्स (वळायला आणि ब्रेक लावायला ओढतो त्या) ग्रॉमेटला जास्त घासतात म्हणून त्या जास्त आखडतात, मधल्या कमी. सहाशे जंपनंतर कॅनॉपीची ठेवणच बदललेली असते. स्टिअरिंग लाइन लहान झाली की ब्रेक सोडलेले असतानाही शेपूट थोडी खाली ओढलेली राहते, कॅनॉपी सुस्त वाटते, फ्लेअरमध्ये (उतरताना ब्रेक ओढून वेग मोडण्यात) जोर राहत नाही, फ्रंट रायझर (लाइन्सना खांद्याशी जोडणारी पुढची पट्टी) ओढला की ती थरथरते. ओपनिंग एकाच बाजूला वळतं, कडक होतं. म्हणजे स्पेक्ट्रा भरपूर दाखवतो, फक्त आपण ते हळूहळू सहन करायला शिकतो आणि "ही कॅनॉपी अशीच आहे" म्हणतो. सेकंड हँड घेणाऱ्याला तर ती आधी कशी उडायची हेच माहीत नसतं.

तुमच्या ठिकाणी मी असं करीन, पुढच्या जंपला पूर्ण वेगात, टॉगल (स्टिअरिंग लाइन्सचे हँडल) वर असताना मागे वळून स्टिअरिंग लाइन्सकडे बघा. त्यांना मागे थोडा झोळ दिसायला हवा आणि शेपूट सरळ हवी. मग जमिनीवर रिगरबरोबर दोन्ही बाजूंचे लिंक (लाइन्स रायझरला जोडणारे जोड) शेजारी धरून लाइन्स ताणून डावी-उजवी जुळवा, आणि उत्पादकाच्या ट्रिम चार्टशी (लाइन्सच्या लांबीच्या तक्त्याशी) ताडून बघा. सगळ्यात खालचा भाग बोटांनी चाचपा, ब्रेक सेट करतो त्या डोळ्यापाशी आणि रायझरच्या गाइड रिंगजवळ, तिथे झीज आधी येते आणि ब्रेक लाइन तुटते ती बहुधा तिथेच. स्लायडरच्या ग्रॉमेटच्या आतून नख फिरवा, कुठे खरखर लागली तर नव्या लाइन्स टाकूनही तो ग्रॉमेट त्या कापत राहील.

मटेरियल वेगळं असेल तर हे सगळं बदलतं. डेक्रॉन जाड, आखडत नाही, निवांत म्हातारा होतो. व्हेक्ट्रान माप टिकवतो पण केसाळ होतो, ते दिसतं तरी. एचएमए सगळ्यात फसवा, माप टिकवतो आणि बाहेरून फारसं काही न दाखवता ताकद गमावतो, म्हणून तिथे मी डोळ्यावर विश्वास ठेवत नाही, जंप मोजतो आणि उत्पादकाचा आकडा आला की बदलतो, खालच्या स्टिअरिंग लाइन्स तर पूर्ण सेटच्या आधी. तुमच्या सहाशे जंपच्या मूळ स्पेक्ट्रा सेटबद्दल मला न बघता अंदाज करायचा तर तो बदलायला आलेला आहे किंवा उलटून गेलाय. लाइन्स बदलताना सॉफ्ट लिंकही नवे घ्या, आणि मेटल लिंक असतील तर त्यांना तडा किंवा कडेला ओरखडे आहेत का ते बघा, जास्त पिळून घट्ट केलेले लिंक तडकतात.

बिघडलेला मेन सोडून द्यायच्या (त्याला कटअवे म्हणतात) तीन कड्यांच्या यंत्रणेबद्दल, म्हणजे थ्री-रिंगबद्दल, लोक फार बेफिकीर असतात कारण ते इतकं चांगलं काम करतं. रिग बनवणारे बिल बूथ यांनी 1970 च्या दशकात ते आणलं, मोठ्या कडीतून मधली, मधलीतून छोटी, छोटीवर एक पांढरा लूप आणि त्यातून केबल, कडीगणिक भार कमी होत शेवटी एका हाताने ओढता येईल इतका उरतो. पण ते गणित कड्या नीट बसलेल्या असतील तरच जुळतं. रायझरची पट्टी ताणून कड्या तिरक्या बसायला लागल्या, मोठ्या कडीच्या रायझरवर चालून जाईल असं थोडंसं, पण मिनी रिंगच्या बारीक रायझरवर ओढायला लागणारी ताकद लगेच वाढते. पांढऱ्या लूपचे तंतू निघालेत, केबलच्या पिवळ्या आवरणाला खाच पडलीये किंवा ती वाकडी झालीये, तर बदला, कारण हे कटअवेच्या क्षणी लागतं आणि त्या क्षणी तुमचा मेन आधीच बिघडलेला असतो. आणि केबल फक्त मापाने बदला. आरएसएल (मेन सुटला की रिझर्व्ह लगेच उघडणारी पट्टी) असेल तर ज्या रायझरला ती लावलीये त्या बाजूची केबल लांब ठेवलेली असते, म्हणजे तो रायझर शेवटी सुटतो. उलटं झालं तर एक रायझर अजून अडकलेला असतानाच रिझर्व्ह बाहेर यायला लागतो. दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मिळालेले रायझर लावतानाही हेच बघावं लागतं, कप्प्याची लांबी, लूपची जागा, सगळं.

हे वापरून वापरून बिघडतं तसंच न वापरूनही बिघडतं, नुसत्या पडून राहण्याने. पट्टी एकाच आकारात कडक होते, केबलवर चिकट घाण बसते. म्हणून बहुतेक मॅन्युअल महिन्यातून एकदा रायझर सोडवून, पट्टी हाताने वाकवून, केबल पुसून परत लावायला सांगतात. तुमच्या आधीच्या मालकाने ते कधी केलं होतं का विचारा, उत्तर ऐकून त्याने बाकीचा रिग कसा सांभाळला असेल तेही कळेल.

हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि कंटेनर (पाठीवरची पिशवी) यांच्याबद्दल एवढंच, फिकट रंग म्हणजे ऊन, त्यामुळे खांद्याकडची आणि लेग स्ट्रॅपची शिलाई रिगरकडून दोरा-दोरा बघून घ्या. रिझर्व्ह हँडलची वेल्क्रो, पिनवरची फ्लॅप नीट बंद राहते का, आणि रिपॅकच्या वेळी रिझर्व्हचं हँडल ओढायला किती ताकद लागते ते तराजू लावून मोजायला सांगा. टीएसओ सी23 या अमेरिकेच्या पॅराशूट मानकाच्या नव्या आवृत्त्यांत ही मर्यादा 22 पाउंड म्हणजे साधारण दहा किलो आहे. हातात कमी ताकद असलेल्या माणसाला तर हा आकडा माहीत असायलाच हवा.

तर तुमच्या रिगसाठी माझा क्रम असा. आधी वजन आणि रिझर्व्हचं लेबल, तिथे बसत नसेल तर पैसे तिकडे. बसत असेल तर या आठवड्यात मेनचा लूप, स्टो बँड, किल लाइन किंवा पूर्ण पायलट शूट, आणि थ्री-रिंगचे लूप व केबल, हे सगळं मिळूनही लाइन सेटपेक्षा कमी पडेल. मग तुमचा एक मोठा खर्च नवा लाइन सेट, नवी कॅनॉपी नाही, कारण कापड चांगलं असेल तर लाइन्स बदलल्यावर तुम्हाला हीच कॅनॉपी ओळखू येणार नाही. रिझर्व्ह बदलायचा नाही, तपासायला पाठवायचा, पुढच्या रिपॅकला, आणि अहवाल लेखी घ्यायचा. एएडीसाठी आत्तापासून थोडे थोडे बाजूला काढायचे, दीड वर्ष पटकन जातं.

एक फक्त, तुम्ही विचारलंय की तोपर्यंत याच रिगवर जंप करत राहू का. जुन्या लाइन्सवर रिगरने बघून हो म्हटलं तर काही जंप करा, मोठ्या उंचीवर उघडा, फ्लेअरचा अंदाज वरच घेऊन ठेवा. पण किल लाइन ताणून बघितली नाही, आणि थ्री-रिंग सोडवून हाताने वाकवून बघितलेला नाही, तोपर्यंत ड्रॉप झोनचा (जंपच्या केंद्राचा) भाड्याचा रिग घ्या. ही दोन्ही कामं मिळून अर्ध्या तासाची आहेत, रिगर समोर असताना त्याच्याबरोबर बसून करा आणि दुसऱ्यांदा स्वतः करून दाखवा.